शेत उशिरा निवडलं की अपघात होतो: ऊसपट्ट्यातल्या आउटलँडिंगबद्दल (ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान धावपट्टी सोडून शेतात उतरवणं)

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला सोलो झालायस म्हणजे एकट्यानं उडवलंयस, घर कागलच्या बाजूला, पुढच्या सिझनला क्रॉस कंट्री (मैदान सोडून लांबवर उडणं) सुरू करायचंय आणि युरोपातल्या एका अपघाताचा व्हिडिओ बघून डोक्यात बसलंय की पायलटकडं उंची होती, खाली शेतं होती, तरी शेवटच्या वळणात ग्लायडर गिरकी घेऊन नाकावर आपटलं. म्हणून विचारतोयस की ग्लायडर कुठंही उतरतं म्हणतात मग असं का होतं, आणि आपल्याकडं जिकडं बघावं तिकडं ऊस, तर शेत निवडायचं तरी कसं. 'सर' म्हणून लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

पहिल्यांदा हे बघ की तू दोन प्रश्न एकत्र विचारलेत. शेत कसं निवडायचं हा एक, आणि शेत निवडायची वेळ कधी झाली हे कसं ओळखायचं हा दुसरा. शिकणारी सगळी पोरं पहिला विचारतात. पण मी इतकी वर्षं शिकवतोय, तिकडं परदेशातही उडवलंय, आणि माझं मत पक्कं झालंय की जास्त माणसं दुसऱ्या प्रश्नात जातात. तुझ्या व्हिडिओतल्या पायलटच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही, पण तशा अपघाताचा क्रम ओळखीचा आहे. उंची कमी व्हायला लागते, व्हेरिओ (ग्लायडर चढतंय की उतरतंय ते सांगणारं यंत्र) मधेच एखादी टुक वाजवतो, माणूस म्हणतो एक फेरी मारून बघू, मग अजून एक, थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत) एवढ्या खाली अरुंद आणि तुटक असतं त्यामुळं वळण घट्ट होत जातं, नजर व्हेरिओवर, आणि ज्या शेतावर उतरायचं ते अजून ठरलेलंच नाही. शेवटी ७००-८०० फुटांवर घाईत एखादा हिरवा तुकडा पकडायचा आणि सर्किट (उतरण्याआधी शेताच्या बाजूनं घ्यायची ठरलेली फेरी) म्हणजे कसंतरी एक वळण.

त्या वळणात काय होतं ते समजून घे, कारण मरण तिथं आहे. सरळ उडताना जो स्टॉल स्पीड असतो, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचलून धरत नाहीत, तो ४५ अंश बँकला (वळताना पंख कलवण्याला) साधारण १.१९ पट होतो आणि ६० अंशाला १.४१ पट. म्हणजे सरळ ताशी ७० किलोमीटरला स्टॉल होणारं ग्लायडर ६० अंश बँकला शंभराच्या आसपास स्टॉल होणार. आता माणूस खाली आहे, जमीन भराभर मागं पळताना दिसतीय, त्याला वाटतं स्पीड भरपूर आहे, म्हणून तो नाक नकळत वर धरतो. वळण पुरत नाही असं दिसलं की जास्त बँक करायची भीती वाटते, मग तो पायानं रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक आत ओढतो. कमी स्पीड, नाक वर, रडर जास्त, ही स्पिनची, म्हणजे गिरकी घेत खाली पडण्याची, तंतोतंत कृती आहे. हडपसरला इन्स्ट्रक्टरनं स्पिन दाखवली असेल तर आठव, बाहेर यायला किती उंची गेली. ती उंची फायनलच्या (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याच्या) वळणात खाली नसतेच. त्या माणसाला सगळं येत असतं, फक्त ते वापरायला लागणारी उंची आणि वेळ त्यानं वरच्या फेऱ्यांत खर्च केलेली असते.

म्हणून उंचीचे टप्पे आधी. जमिनीपासून २००० फूट राहिले की उतरता येईल अशा भागाच्या वर असायचं. १५०० ला एक शेत नक्की करायचं, बोट दाखवून सांगता आलं पाहिजे की हे. १००० ला थर्मलचा विषय बंद, सर्किट चालू, मग व्हेरिओ कितीही ओरडू दे. हे आकडे जगभर थोड्या फरकानं असेच शिकवतात. मी स्वतः कोल्हापूर-सांगलीच्या बागायती पट्ट्यात वरच्या दोन्ही टप्प्यांना ५०० फूट वाढवून धरतो, कारण आपल्याकडं चांगलं शेत दर किलोमीटरला मिळत नाही. तुझं ग्लायडर कुठलं, तुझा हात किती बसलाय, वारा किती, यावर हे बदलेल, ते तुझ्या इन्स्ट्रक्टरबरोबर बसून ठरव आणि कागदावर लिहून कॉकपिटमध्ये ठेव. हवेत गेल्यावर मात्र त्यावर फेरविचार करायचा नाही. आणि अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) आंधळा विश्वास नको, तो तू जिथून उडालास तिथल्या जमिनीवर शून्य केलेला असतो. पन्हाळा-जोतिबाकडं सरकलास की जमीनच वर येते आणि काटा तुला ते सांगत नाही.

आता ग्लाइडचं गणित. ३०:१ चं ग्लायडर १००० फुटांत, म्हणजे ३०० मीटरमध्ये, कागदावर ९ किलोमीटर जातं. सिंक (खाली जाणारी हवा) आणि समोरचा वारा धरून मी निम्मं धरतो, साडेचार. त्यातही सर्किटचे १००० फूट बाजूला काढायचे. म्हणजे २००० फुटांवर तुझ्या हातात खरं अंतर साडेचार किलोमीटरचंच. शिरोळ-हातकणंगल्याच्या नदीकाठच्या ऊसात साडेचार किलोमीटर सगळीकडं ऊसच असू शकतो! त्यामुळं कुठून जायचं हे उडायच्या आधी ठरतं. सरळ रेघ मारून पंचगंगेच्या किंवा कृष्णेच्या काठानं जाण्यापेक्षा माळामाळानं वळसा घेऊन गेलेलं बरं. पूर्वेला कवठेमहांकाळ, जत, आटपाडी हा कोरडवाहू भाग आहे, रानं मोठी, मोकळी. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा म्हणजे डोंगर, झाडी आणि अरुंद दरीतली भाताची खाचरं. नवख्यानं तिकडं क्रॉस कंट्रीला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तरेला कराडची धावपट्टी, इकडं कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ, दक्षिणेला बेळगावचं सांबरा, हे डोक्यात पाहिजेच. धावपट्टी आवाक्यात असेल तर रेडिओवर सांगून तिथंच उतरायचं, शेताचा विचारसुद्धा करायचा नाही. परवानगीचा संकोच वाटतो लोकांना, पण आणीबाणीत संकोच नको.

शेत किती मोठं लागतं? हिशोब असा. शेताच्या तोंडाला विजेची लाईन असेल तर साधे खांब ८-९ मीटरचे असतात. एअरब्रेक (लवकर खाली यायला पंखावर उघडणाऱ्या फळ्या) उघडून उतरताना अडथळ्याच्या उंचीच्या साधारण दहापट लांबी वाया जाते, म्हणजे ८०-९० मीटर तिथंच गेले. मग राउंड आउट (जमिनीजवळ नाक उचलून सपाट होणं) आणि तरंगण्यात ५०-६०, आणि मऊ-खडबडीत जमिनीवर थांबायला १००-१५०. म्हणून मी ३०० मीटर मोकळी लांबी बघतो, चांगला हात असलेला माणूस कमीत उतरेल पण पहिल्या आउटलँडिंगला कमीचा विचार नको. आता आपल्या भाषेत बघ. एक एकर चौकोनी रान म्हणजे बाजू साधारण ६४ मीटर. पाच एकर सलग चौकोन असला तरी बाजू १४२ मीटर. आपल्याकडं वाटण्या होऊन होऊन कुणाकडं वीस गुंठे, कुणाकडं दीड एकर. म्हणजे एका मालकाचं रान पुरायचंच नाही, दोन-चार जणांची लागून असलेली, एकाच वेळी मोकळी झालेली रानं लागतात, आणि मधले बांध कसे आहेत ते कळीचं. रोटर (ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर) मारून सपाट केलेल्या पट्ट्यात पाच-सहा इंचाचा बांध चाक सोसतं, पण गुडघाभर बांधावर दगड रचलेले असले तर तो बांध म्हणजे भिंतच. वरून बांधावर झाडं, झुडपं, गवताची जाड रेघ दिसली की तो उंच आहे असं धर.

पीक ओळखणं हा तुझा फायदा आहे, कारण तू रानात वाढलायस. पण बांधावरून दिसणारं आणि १५०० फुटांवरून दिसणारं वेगळं असतं. वरून मांडीएवढा खोडवा (तोडणीनंतर परत फुटलेला ऊस) हिरवळीसारखा मऊ दिसतो आणि तिथंच माणूस फसतो. मी तीन खुणा बघतो. ओळींच्या मधली माती दिसते का, दिसत असेल तर पीक लहान आहे, ओळी मिटल्या की दाटलं. दुसरं, शेताच्या कडेला सावली पडते का, सकाळी-दुपारनंतर उंच पिकाची कडेला काळी रेघ दिसते. तिसरं, बाजूच्या माणसाशी, बैलाशी, ट्रॅक्टरशी तुलना. शेतात माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसत असेल तर बरं.

उंच पिकात का नको? पंख लांब असतात, टोकापासून टोकापर्यंत १५ ते १७ मीटर, त्यांचं टोक पिकात अडकलं की त्या बाजूला ओढ बसते आणि ग्लायडर झटक्यात आडवं फिरतं, त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात. शेपटी मोडते, कधी माणसाच्या मणक्यावर येतं. तरी कधी इलाजच उरला नाही आणि ऊसातच जायचं झालं, तर ऊसाच्या शेंड्यालाच जमीन समजायचं, शेंड्यावर राउंड आउट करायचं, पंख अगदी सरळ, स्पीड शक्य तितका कमी करून बसवायचं. चाकानं खालची जमीन शोधायला गेलास तर शंभराच्या स्पीडनं तीन मीटर उंच ऊसात घुसशील.

तोडणी झालेला ऊस कसा, असं तू नक्की विचारणार, कारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आपल्याकडं सगळ्यात जास्त मोकळं दिसतं ते तेच. मी त्याला दुय्यम धरतो. पाचट (ऊसाचा वाळलेला पाला) अंथरलेलं असतं त्यामुळं वरून सोनेरी, सपाट, एकदम आमंत्रण दिल्यासारखं दिसतं, आणि खाली दर चार-साडेचार फुटांवर एक अशा सऱ्या आणि त्यांच्यात ऊसाची टोकदार खोडकी. उतरायचंच तर सरीच्या दिशेनंच, कधीही आडवं नाही, वारा थोडा तिरका आला तरी चालेल. सगळ्यात चांगलं म्हणजे भुईमूग, हरभरा, सोयाबीन काढून रोटर मारलेलं रान, गव्हाचं काड असलेलं रान, आणि स्वतः चालून बघितलेला माळ. न बघितलेला माळ नाही! वरून गालिचा दिसणाऱ्या माळावर जांभ्याचे दगड, चरी, वृक्षारोपणाचे खड्डे असतात, आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात धनगराची मेंढरं. मसाई पठार बघून बऱ्याच जणांना वाटतं की ही तर देवानं दिलेली धावपट्टी आहे, पण पठाराच्या कडेवर वाऱ्याची उलथापालथ असते, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूनं आलास तर ऐन फायनलला जोराचा सिंक मिळेल. काळ्या रानाचं वेगळंच, उन्हाळ्यात हातभर भेगा आणि एक वळीव पडला की चिखल, चाक रुतलं की नाकावर. द्राक्षबाग तर कधीच नको, सांगली-तासगावकडं मांडवाला लोखंडी अँगल आणि तारा असतात.

तारा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेतो शिकवताना. आकाशातून तार दिसत नाही, खांब दिसतो, तोही उशिरा. म्हणून तार शोधायचीच नाही, खांब, डीपी, विहीर, मोटरेची खोली आणि वस्तीवरची घरं शोधायची. आपल्याकडं प्रत्येक विहिरीवर मोटर आहे आणि प्रत्येक मोटरेला लाईन आहे, त्यामुळं विहीर दिसली की तिथपर्यंत कुठूनतरी तार आलीय हे गृहीतच. दोन खांबांच्या मधून जायचं नाही, खालून तर नाहीच. ओलांडायचीच असेल तर खांबाच्या डोक्यावरून, कारण तो दिसतो आणि तार त्याच्या वर नसते. त्यासाठीच सर्किट करताना शेताच्या चारी बाजू बघून घ्यायच्या, नुसतं सरळ फायनल मारत आलास तर बघायला वेळच मिळत नाही.

वारा आणि उतार. आपल्याकडं वाऱ्याच्या खुणा भरपूर आहेत, गुऱ्हाळाचा धूर, पाचट पेटवलेला धूर, ट्रॅक्टरमागची धूळ, तळ्यावरच्या लाटा. १०० च्या स्पीडनं येताना २० चा वारा समोरून असेल तर जमिनीवर ८०, पाठीमागून असेल तर १२०. थांबवायची ऊर्जा स्पीडच्या वर्गात वाढते, म्हणजे सव्वादोन पट. पण उतार असेल तर उताराचं ऐकायचं. चढाकडं तोंड करून उतरायचं, वारा थोडा पाठीमागून असला तरी. वरून उतार डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल तर तो फारच जास्त आहे, दुसरं शेत बघ. चढावर उतरताना आपण खूप वर आहोत असा भास होतो आणि माणूस आधीच खाली बसतो, म्हणून तिथं स्पीड थोडा जास्त ठेव, राउंड आउटला नाक जास्त उचलावं लागतं. एप्रिल-मे मधे दुपारनंतर वळवाचे ढग चढायला लागले की धूर एका दिशेला आणि दहा मिनिटांत उलट्या दिशेला. त्या दिवशी लांब जाऊच नको, ढग बांधताना दिसला की जवळचं चांगलं शेत घेऊन मोकळा हो.

म्हणजे थोडक्यात आत्तापर्यंतचं: जायची वाट माळामाळानं, २००० ला भाग, १५०० ला शेत, १००० ला सर्किट, आपल्या पट्ट्यात आधीच्या दोन्हींना वर ५०० फूट; शेतात आधी लांबी, मग तारा, उतार, वारा, पीक आणि जनावरं.

सर्किट मैदानावर करतोस तसंच करायचं, हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड. अरुंद अनोळखी शेत बघून माणूस नकळत जवळ जवळ येतो, मग बेस लेगला (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्याला) जागाच उरत नाही आणि परत तेच घट्ट वळण. मुद्दाम लांब राहा. अल्टिमीटर विसर, शेताकडं बघायचा कोन हडपसरसारखा वाटतोय का ते बघ. एअरस्पीडच्या काट्याच्या तबकडीवरचा पिवळा त्रिकोण असतो तो किमान अॅप्रोच स्पीड, म्हणजे उतरायला येतानाचा स्पीड, वाऱ्यात त्यावर वाढवायचं, वाऱ्याच्या निम्मं ही साधी सवय. पट्टे घट्ट, चाक खाली, मोठ्यानं बोलून. आणि एकदा शेत पकडलं की बदलायचं नाही, ३०० फुटांवर 'ते पलीकडचं बरं दिसतंय' हा विचार आला तरी. बांधाला ओरखडा बसेल, पण सरळ पंखांनी बसशील.

यातच एक गोष्ट मनात पक्की कर. शेवटी काहीतरी मोडणार हे दिसत असेल तर ते शेताच्या शेवटच्या टोकाला, कमी स्पीडनं मोडू दे. शेताच्या टोकाच्या बांधावर २० च्या स्पीडनं आदळणं आणि तोंडाच्या झाडावर १०० नं आदळणं यात ऊर्जेचा फरक २५ पट आहे. थांबणार नाही असं वाटलं तर शेवटी मुद्दाम एक पंख टेकवून ग्राउंड लूप करतात, ते समोरच्या विहिरीपेक्षा बरं. ग्लायडर मोडलं तर दुरुस्त होतं, नवीन येतं. क्लबचं आहे, महाग आहे, लोक काय म्हणतील, हे कॉकपिटमध्ये आणायचंच नाही. मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो की शेतात उतरलास तर मी ग्लायडर न्यायची ट्रॉली घेऊन येणार आणि एक शब्द बोलणार नाही, कारण रागाच्या भीतीनं घरापर्यंत ओढत आणणारी माणसंच झाडात सापडतात.

रस्त्याचं विचारलं नाहीस पण बहुतेक जण विचारतात. पुणे-बेंगळुरू हायवेवर डिव्हायडर, दिव्याचे खांब, गाड्या. गावच्या रस्त्यावर दोन्ही बाजूला झाडं आणि लाईन, आणि सिझनला दोन ट्रॉल्यांचे ऊसाचे ट्रॅक्टर. १५ मीटरचे पंख तिथं बसत नाहीत. शाळेचं मैदान लहान, आणि पोरं असतात.

तयारी जमिनीवरच कर. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून ज्या वाटेनं उडणार त्या वाटेनं फिर, बांधावर उभा राहून अंतर पावलांनी मोज, पीक काय, लाईन कुठून आलीय ते वहीत लिही. सॅटेलाइटच्या फोटोवर विसंबू नकोस, तो कुठल्या सिझनचा आहे कुणास ठाऊक, फोटोत मोकळं दिसणारं रान आज आडसाली ऊसानं भरलेलं असतं आणि आडसाली एकदा लावला की सोळा-अठरा महिने उभा असतो. त्यामुळं दर सिझनला परत फिरावं लागतं, मी अजूनही फिरतो. इन्स्ट्रक्टर बरोबर असताना मोटर ग्लायडर मिळालं तर शेत निवडून, सर्किट करून, वरूनच निघून जायचा सराव भरपूर कर.

उतरल्यावर लगेच कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उघडून पळू नकोस. पाच मिनिटांत निम्मा गाव येतो, लहान पोरं पंखावर चढायला बघतात. एका मोठ्या माणसाला पुढं घे, 'मामा, एवढी पोरं जरा लांब ठेवा' म्हण, आपल्याकडची माणसं लगेच जबाबदारी घेतात. रानाचा मालक कोण ते विचार, पिकाचं नुकसान झालं असेल तर स्वतःहून भरून देण्याचं बोल आणि ते दे, पुढच्या पायलटला त्याच रानात उतरायचं असतं. कुणाला लागलं असेल तर आधी १०८ ला फोन, मग क्लबला. अपघात असेल तर डीजीसीए (विमान वाहतुकीची नियामक संस्था) आणि एएआयबीला (विमान अपघातांचा तपास करणाऱ्या संस्थेला) कळवावं लागतं आणि ते सांगेपर्यंत माणूस बाहेर काढण्यापलीकडं मोडलेलं काही हलवायचं नाही, हे गावकऱ्यांनाही समजावून सांग. ट्रॉलीवाल्याला लोकेशन पाठवताना रानापर्यंत गाडी कुठल्या पाणंदीनं येते तेही लिही, पुलाची रुंदी आणि वाटेतल्या खाली आलेल्या तारा विचारून घे, नाहीतर ट्रॉली रात्रभर फिरत बसते.

कागलहून निढोरी-मुरगूडकडं जाणार असशील तर त्या वाटेवरची रानं मी याच सिझनला बघितलीत, कुठलं ग्लायडर उडवणार ते कळव, त्याप्रमाणं कुठली धरायची ते सांगतो.